भाऊंची नक्कल

नकला करणारा पोरगा मनोरुग्णांच्या वॉर्डाबद्दल लिहितोय म्हटल्यावर तुम्ही सरसावून बसला असाल. आता एक दाढीवाला येईल, हवेत बोटं फिरवेल, मध्येच खदाखदा हसेल अन् जाता जाता काहीतरी लाखमोलाचं बोलून जाईल. तसं काही होणार नाही. आमचे भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून यायचे, प्लॅस्टिकची खुर्ची उचलून माणसासमोर उभे राहायचे अन् विचारायचे, "बसू का?" समोरचा हो म्हणेपर्यंत खुर्ची हातातच.

एकदा एक पेशंट काही बोललाच नाही. भाऊ पाच मिनिटं खुर्ची धरून उभे. मग म्हणाले, "बरं, उद्या इचारतो," अन् गेले. आम्ही मागे खुसखुसलो. तुम्हीही खुसखुसला असता, उगाच साळसूद चेहरा करू नका.

जळगावला आमचं तीन महिन्यांचं ट्रेनिंग होतं. वॉर्डातले अटेंडंट, सिस्टर, गावोगावच्या आशाताई. मनाच्या आजारातून उठलेला माणूस घरी गेला की त्याला पायावर उभं राहायला मदत कशी करायची, ते शिकायचं. शिकवणारे भाऊ. ते स्वतः आठ वर्षं आजारी होते, त्यातली दोन दवाखान्यात. मुक्ताईनगरकडचे, केळीवाले, पन्नाशीचे, थोरल्या बहिणीजवळ राहणारे. अन् मी शिंदखेड्याचा. शाळेच्या गॅदरिंगला हेडमास्तरांची नक्कल करून गाजलेला, म्हणून पेशंटचं सोंग करायला घेतलेला. शिकणाऱ्यांनी माझ्याशी बोलून सराव करायचा.

पहिल्या दिवशी मी केस विस्कटले, डोळे फिरवले, खिंकाळलो. हॉल नुसता लोळला. भाऊंनी सगळ्यांचं हसणं संपू दिलं.

"हा कुठं पाह्यला रे तू?"

"पिक्चरमध्ये, भाऊ."

"मी आठ वर्षं आजारी व्हतो. मले एकदाबी इतकं मोकळं हसता आलं नही."

मग त्यांनी मला दुसरंच काम दिलं. नुसतं बसायचं. सिस्टर माझ्या आईशी बोलतेय, 'हा झोपतो का? हा जेवतो का?' अन् मी तिथंच, दोन हातांवर. "तेव्हा तोंड कसं होते, ते कर." पंधरा दिवस ते तोंड जमलं नाही. जमलं त्या दिवशी एक आशाताई पदर डोळ्याला लावून बाहेर गेली, अन् दुसऱ्या दिवशी भाऊंनी मला केळीचा अख्खा घड आणून दिला. रूमवर आठ दिवस आम्ही केळीच खाल्ली. भाजीसुद्धा केळीचीच.

ट्रेनिंग संपताना धुळ्याला समारोप होता. तिथं मोठ्या मॅडम येऊन भाऊंना कायमच्या ट्रेनरची ऑर्डर देणार होत्या. भाऊंनी नवीन शर्ट शिवायला टाकला. मला म्हणाले, "आजपर्यंत बिमारीपायी मले तीन ठिकाणाहून काढलं. पह्यल्यांदा बिमारीपायी कोणी कामावर घेऊन राह्यलं." अन् स्वतःच लाजले.

समारोपाच्या आदल्या दिवशी सगळे धुळ्यात. सरावाला एक बरी झालेली पोरगी अन् तिची आई आलेली. आमच्यातल्याच एका अटेंडंटनं पोरीकडे पाठ करून आईला विचारलं, "आता त्रास देते का ही?" तीन महिने शिकून! भाऊ उठले.

"ती समोर बसेल हाये! तिले तोंड हाये! तिले इचार!" एवढं ओरडले अन् बाहेर गेले. अर्ध्या मिनिटाचा मामला. थोड्या वेळानं परत येऊन पोरीची माफीही मागितली, तुझ्यासमोर आवाज चढवला म्हणून.

संध्याकाळी चहाच्या वेळी पोरं मागे लागली. होऊन जाऊ दे. मी केली भाऊंची नक्कल. तो आवाज, ती मान. अन् भाऊंचे हात एरवी थोडे कापायचे, कप धरताना वगैरे. ते कापणंही मी टाकलं त्यात, चांगलं दुप्पट करून, कारण नुसत्या ओरडण्याला हसू येत नव्हतं. हातांनी मात्र बार उडवला. "बठ्ठा भाऊच शे!" एक जण अहिराणीत ओरडला, अगदी भाऊच म्हणून. दुसऱ्यानं मोबाईलवर शूट केलं. रात्रीतून ते ट्रेनिंगच्या ग्रुपवर फिरलं.

सकाळी मॅडमनी मला बोलावलं. टेबलावर मोबाईल, मोबाईलमध्ये मी.

"हे काल खरंच असं झालं?"

आता इथं दोन वाक्यं बोलायची होती. राग आला होता, पण कारण होतं. हात मी माझ्या पदरचे घातले. बस. पण तुम्ही कधी नक्कल केली असेल तर कळेल, कुणी 'खरंच असं?' विचारलं की आतून काय फुगतं. मी म्हणालो, "डिट्टो, मॅडम."

मॅडम वाईट नव्हत्या. काळजीनंच त्यांनी भाऊंच्या अक्काला फोन लावला, घेऊन जा म्हणाल्या, डॉक्टरांना द्यायला चिठ्ठी लिहिली. चिठ्ठीत आरडाओरडा होता अन् हात कापणं होतं. ऑर्डर बॅगेतच राहिली. भाऊ नवीन शर्टात व्हरांड्यातल्या बाकावर. आत चाळीस जणांनी टाळ्यांच्या गजरात सर्टिफिकेटं घेतली. त्या चाळीसांतला एकही बाहेर जाऊन भाऊंशी एक शब्द बोलला नाही. एकेचाळिसावा मी.

चार वाजता अक्का एसटीनं आल्या. भाऊंनी त्यांच्या हातातली पिशवी घेतली अन् दोघं फाटकातून गेले.

दोन आठवडे मी नकला केल्या नाहीत, म्हणजे जमल्याच नाहीत. मग मुक्ताईनगरची गाडी पकडली. घर सापडलं. दारात अक्का तांदूळ निवडत होत्या. मी कोण ते सांगितलं. सूप बाजूला ठेवलं त्यांनी.

"तूच का तो? ये. आत जाऊ नको, झोपेल हाये तो."

सकाळचे अकरा वाजले होते.

"अक्का, चुकलं माझं. मी मजेत..."

"मजेत. डाक्टरनं चिठ्ठी वाचून गोळी वाढवली. मी सांगत व्हती, असं काही नही, तो बरा हाये. माह्यं कोन ऐकते? कागदावर लिहेल व्हतं ना. काय रे पोरा, तीन महिने त्याच्याजवळ बसला तू. त्याचे हात गोळीनं कापता, रागानं नही. राग आला का त्याचे हात दगडासारखे थांबता. लहानपणापासून. एवढंबी दिसलं नही तुले?"

मी मान खाली घातली.

"खाली कायले पाहतो? आता वाढवेल गोळीनं त्याच्या हातात चमचा ठरत नही. वरण अंगावर सांडते. पन्नास वर्षांच्या मानसाले मी घास भरवते, अन् तो भिताडाकडे तोंड करून खाते. त्याची कर ना नक्कल. कर. मी बसेल हाये इथं, मीबी पाहते. कर!"