एक तारखेचं शिंगरू

त्याला सगळे सुईण म्हणायचे. सहा फूट उंची, पिळदार मिशा, आवाज असा की चार तबेल्यांपलीकडची घोडी कान टवकारेल, आणि नाव सुईण! त्याने ते कधी मनावर घेतलं नाही. तीस वर्षांत सातशेच्या वर शिंगरं त्याच्या हातांवर जन्माला आली होती. त्याची बायको म्हणायची, "आमच्या दोन्ही पोरांच्या वेळी हे घोडीपाशी होते. मला नर्सनेच सोडवलं." सांगायची हसत, पण भेटेल त्याला सांगायची.

मी नालबंद. पूर्वी या भागात शर्यतीचे घोडे पैदा करणारे अकरा फार्म होते आणि संध्याकाळी माझी पाठ सरळ होत नसे. आता तीन उरलेत. पाठ शाबूत आहे, पण तिचं काय करायचं ते कळत नाही. कारणं लहान पोरालाही तोंडपाठ आहेत. पैजांवरचा कर वाढला, पैज लावणारे मोबाइलवर गेले. तिथे घोडा लागतच नाही, अंगठा पुरतो. रेसकोर्सची कमाई आटली, बक्षिसं आटली आणि मग हौसेने घोडा घेणारे मालकही आटले. मध्यंतरी एका हॉटेलात या धंद्याच्या भवितव्यावर सभा झाली. एका तज्ज्ञाने पडद्यावर वर चढत जाणारी रेघ दाखवली. निर्यात, परदेशी बाजार, अफाट संधी! त्याच्या बुटांवर कणभर लीद नव्हती, तेव्हाच मी काय ते ओळखलं आणि चहा पिऊन निघून आलो.

आता या धंद्यातला एक विचित्र नियम सांगायला हवा, कारण सगळं त्यावरच अडलं. शर्यतीच्या प्रत्येक घोड्याचा वाढदिवस एकच, एक जानेवारी. शिंगरू जानेवारीत होवो की मे महिन्यात, पुढच्या एक जानेवारीला ते कागदावर एक वर्षाचं. म्हणून प्रत्येक फार्मला जानेवारीतलं शिंगरू हवं असतं. ते वर्गात सगळ्यांत थोराड दिसतं आणि लिलावात भाव खातं. पण तेच जर डिसेंबरच्या शेवटी जन्मलं, तर दोन दिवसांत वर्षाचं होऊन बसतं. मग त्याने पळायचं कुणाबरोबर, तर आठ-दहा महिन्यांनी मोठ्या घोड्यांबरोबर. असलं शिंगरू कुणी फुकट दिलं तरी घेत नाही.

सुईण कामाला होता त्या फार्मच्या मालकीणबाई नवरा गेल्यापासून एकट्या कारभार बघत होत्या. तीस घोड्यांवरून नऊ घोड्यांवर आल्या होत्या. एके दिवशी त्यांनी सगळ्यांना अंगणात बोलावून स्वच्छ सांगितलं, "तांबड्या घोडीचं पुढचं शिंगरू चांगल्या भावाने गेलं तर फार्म चालेल. नाहीतर मी जमीन बिल्डरला देणार. मला दुसरा रस्ता नाही." फार्मवर चौदा कुटुंबं राहत होती. त्यात सुईणीचं एक.

तांबडी घोडी लवकर विणारी. हे सुईणीइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. घोडी अकरा महिने गाभण असते, म्हणून इतर फार्म फेब्रुवारी अर्धा सरल्यावर घोडी फळवतात. बाईंना घाई होती. त्यांनी विचारलं, "चार फेब्रुवारीलाच फळवू या का? धोका नाही ना?" सुईणीने मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "बाई, माझ्या हातची घोडी आहे. एक जानेवारीआधी पाऊल टाकणार नाही." त्या मिशीचा मला आजही राग येतो. घोडी काय त्याची मिशी बघून विणार होती?

तीस डिसेंबरला भर दुपारी मी शेजारच्या घोडीचे खूर तासत होतो. सुईणीने हाक मारली, "नालबंद, हातातलं टाक आणि इकडे ये." मी गेलो तर तांबडी आडवी झालेली आणि शिंगराचे पुढचे दोन खूर बाहेर. मागे ढकलता येतं का काही? आला तो घोडा एवढा देखणा होता की माझ्या तोंडून वा निघून गेलं. लांब पाय, रुंद छाती, कपाळावर पांढरा ठिपका. सुईणीने त्याच्या नाकातला चिकटा पुसला, त्याला आईच्या तोंडाशी सरकवलं आणि भिंतीला टेकून खाली बसला. एवढ्या वर्षांत घोडी व्यायल्यावर त्याला बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

बाई आल्या. शिंगराकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "काका, जन्मनोंदणीच्या फॉर्मवर तारीख तुम्हीच लिहिता ना?"

"हो."

"मग एक जानेवारी लिहा."

"बाई, मी आजवर कधी..."

"मला माहीत आहे. म्हणून तर तुमचं लिहिलेलं कुणी तपासत नाही."

हे त्या चिडून बोलल्या नाहीत. त्यांचे डोळे भरले होते. मला मात्र त्या घटकेला त्यांचा संताप आला. माणसाचं तीस वर्षांचं नाव त्या वापरायला मागत होत्या, जशी शेजारणीकडून परात मागावी.

सुईणीने माझ्याकडे बघितलं. फॉर्मवर दुसरी सही साक्षीदाराची लागते. मी म्हणालो, "चौदा घरं आहेत रे. लिही, मी करतो सही." सांगायला सोपं होतं, हात त्याचा होता.

दोन दिवस त्या कोपऱ्यातल्या तबेल्याकडे कुणाला फिरकू दिलं नाही. एक तारखेला सकाळी त्याने फॉर्म भरला. अक्षर एरवी मोत्यासारखं, त्या दिवशी तारखेच्या आकड्यावर शाईचा डाग पडला. आठवड्याने नोंदणीचे इन्स्पेक्टर आले. त्यांनी पांढऱ्या ठिपक्याचं चित्र काढलं, केसांचा नमुना घेतला. शिंगराच्या पोटाखाली हात घालून म्हणाले, "नाळ जरा लवकर सुकून पडली की हो."

सुईण म्हणाला, "हो."

"तुम्ही आहात म्हणजे प्रश्नच नाही," असं म्हणून त्यांनी शिक्का मारला.

त्यानंतर सुईण त्या शिंगराच्या मागे हात धुऊन लागला. खरारा, चालणं, पाय, दात, सगळं स्वतः. दुसऱ्या कुणाला दावं धरू देईना. मी खूर तासायला गेलो की माझ्याशी नालेपुरतं बोलायचा. एकदा मी म्हटलं, "अरे, दोन दिवसांचा तर फरक." तो म्हणाला, "तू गप बस." आमची पंचवीस वर्षांची दोस्ती. मला लागलं ते, पण त्याचं चुकलं असं म्हणवत नाही.

सव्वा वर्षाने लिलाव झाला. एके काळी तिथे पाय ठेवायला जागा नसायची. त्या दिवशी खुर्च्यांवर आमच्यासारखीच माणसं बसली होती, विकायला आलेली. सुईण इस्त्रीचा शर्ट घालून घोड्याला रिंगणात घेऊन आला. घोडा असा चालत होता की माझी छाती भरून आली. लिलाववाला माइकवर ओरडला, "एक जानेवारीचा जन्म! यंदाच्या सगळ्या लॉटमधला सर्वांत मोठा!" मग एक आकडा सांगितला. कुणी हात वर केला नाही. त्याने आकडा निम्मा केला. मग त्याच्याही निम्मा. समोर बसलेल्या एका ट्रेनरने हळहळून मान हलवली आणि खिशातून फोन काढला. सुईण घोड्याला गोल गोल फिरवत राहिला. लिलाववाल्याने हातोडी न आपटताच पुढचा नंबर पुकारला.

बाहेर आल्यावर बाई गाडीत जाऊन बसल्या आणि काच वर केली. सुईणीने दावं माझ्या हातात दिलं आणि सरळ नोंदणीच्या टेबलाकडे चालू लागला. मी घोडा ओढत मागे धावलो.

टेबलामागे एक तरुण कारकून डबा खात होता. सुईण त्याच्यासमोर ताठ उभा राहिला. म्हणाला, "साहेब, या घोड्याची तारीख मी खोटी लिहिली. तीस डिसेंबरचा आहे. माझं लायसन काढून घ्या, जी काय शिक्षा असेल ती द्या. हा नालबंद नुसता सहीला होता, त्याला सोडा."

कारकुनाने घास गिळला, आधी घोड्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"काका, विकला गेला का?"

"नाही."

"मग कुणाची फसवणूक झाली?"

"पण मी खोटं लिहिलं ना."

"अहो, दुरुस्तीचा अर्ज, फी, चौकशी, कशाला हे सगळं? घोडा काही पळणार नाही आता. जाऊ द्या." आणि त्याने पुन्हा डब्यात हात घातला.

सुईण तिथेच उभा राहिला. त्याच्या मागे रांग नव्हती, त्यामुळे त्याला बाजूला हो म्हणायलाही कुणी आलं नाही.