धुक्यातून ओ देणारा

आधीच सांगून टाकतो — मी या पानावर लिहिणाऱ्यांतला नाही, वाचून हसणाऱ्यांतला आहे. इथले भुताखेतांचे अनुभव मी बायकोला, शबनमला, मोठ्याने वाचून दाखवतो आणि आम्ही दोघं मिळून त्यातल्या चुका काढतो. माझा तासगावात बेदाण्याचा व्यापार आहे. सीझनमध्ये शेडवर एकट्याने मुक्काम असतो, मागे ओढा, बाजूला कब्रस्तान. आजवर तिथे मांजराशिवाय काही दिसलं नाही. तेव्हा "तुमचा विश्वास होता म्हणून तुम्हाला तसं वाटलं" असं कृपया कुणी म्हणू नये.

शुगर निघाल्यावर डॉक्टरांनी चालायला सांगितलं. मला चालायचा कंटाळा, म्हणून सायकल घेतली... गिअरची, जाड टायरची. आधी तासगाव-सांगली, मग विट्यापर्यंत, मग डांबर संपतं तिथून पुढे. नादच लागला. या नादातच संपतदादा भेटले. इस्लामपूरजवळच्या एका गावचे, घरचा ऊस, फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले. साठी ओलांडलीय, पण चढाला अजून मला मागे टाकतात. घरातल्या आरतीलासुद्धा बायकोने दोनदा हाक मारल्याशिवाय उठायचे नाहीत, असा माणूस.

गेल्या पावसाळ्यात, नागपंचमी होऊन गेल्यावरच्या रविवारी आम्ही एक राइड ठरवली. शिराळ्यात दादांची बहीण असते, तिला आम्ही आक्का म्हणतो. शनिवारी तिच्याकडे मुक्काम करायचा, उजाडताच निघून गुढे-पाचगणीच्या पठारावर चढायचं, पठार आडवं कापून पलीकडे सातारा जिल्ह्यात ढेबेवाडीच्या खोऱ्यात उतरायचं आणि कराडमार्गे परत. (ही पाचगणी महाबळेश्वरजवळची नव्हे. ही आमच्या शिराळा तालुक्यातली, पवनचक्क्यांची.) सकाळी आक्का दारात उभी राहून म्हणाली, "आवं, डोंगर दिसतोय का तुमास्नी? ढग पार खाली आल्यात. फुडच्या आयतवारी जावा की."

दादा म्हणाले, "फुडच्या आयतवारी काय ढग सुट्टीवर जाणार हायत का?"

आणि निघालो.

घाट चढेपर्यंत पाऊस होता, पण नेहमीचा. वर आलो आणि वारा लागला. ज्यांनी पावसाळ्यात ते पठार पाहिलंय त्यांना कळेल... तिथे पाऊस वरून पडत नाही, बाजूने मारतो. आणि धुकं असं, की पुढचं चाक दिसतं, त्याच्या पलीकडे काही नाही. पवनचक्क्या डोक्यावर फिरतायत हे फक्त ऐकू येत होतं. हूप... हूप... हूप. कुठल्या बाजूला आहे ते कळत नव्हतं. एकदा तर मी खांबाच्या चौथऱ्याला धडकता धडकता वाचलो.

डांबर संपून कच्चा रस्ता लागला तिथे दादांनी थांबवलं.

"लय धुकं हाय गड्या. ऐक. तू फुडं, मी मागं. तू हाक मारायची, मी ओ द्यायची. ओ आली न्हाई तर जागच्या जागी उभा ऱ्हायाचं. फुडं जायचं न्हाई."

"आणि तुमी चुकला तर?"

"मी कशाला चुकतोय? तुज्या चाकाच्या रेघंवरनं येनार मी."

त्यांच्या सायकलीला एक खोड होती. पावसात भिजली की मागचा डिस्कब्रेक किंचाळायचा. दाबला की कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा आवाज. मी नेहमी त्यावरून चेष्टा करायचो. त्या दिवशी मला त्या आवाजाचा आधार वाटत होता.

रस्ता म्हणजे आधी तांबडा चिखल, मग कातळ, मग पुन्हा चिखल. चिखलात टायर जाड व्हायचा, चेन करकरायची. मी दर थोड्या वेळाने ओरडायचो, "दादा?"

"हाय!" मागून आवाज यायचा. मग ब्रेक किंचाळायचा. मग मी पुढे.

असं बराच वेळ चाललं. नक्की किती ते सांगता येणार नाही. बोटं बधिर झाली होती, मोबाईलला रेंज नव्हती आणि स्क्रीनवर पाणी असल्याने तो उघडतही नव्हता. एका ठिकाणी पुढच्या चाकात इतका चिखल भरला की ते फिरेना. मी उतरलो, काडी घेऊन चिखल काढायला लागलो. मागे ब्रेक किंचाळला आणि थांबला. अगदी जवळ... घराच्या दारापासून अंगणाच्या फाटकाइतक्या अंतरावर.

"दादा, या की फुडं. पाणी पिऊ."

"तू चल."

"दम लागला का?"

"तू चल. मी हाय मागं."

आवाज दादांचाच. त्याबद्दल मला आजही शंका नाही. पण दादांना मी पाणी पिऊ म्हटलं की ते पाच मिनिटं पाणी पितात आणि दहा मिनिटं सीमेवरच्या १९ नंबरच्या पोस्टवरचे किस्से सांगतात. पाण्याला नाही म्हणणारे दादा मी पाहिले नव्हते. मला वाटलं, पडलेबिडले असतील, लागलं असेल आणि सांगत नसतील. फौजी माणूस. म्हणून सायकल आडवी टाकली आणि चालत मागे निघालो.

"दादा?"

"हाय."

आवाज तेवढ्याच अंतरावर. मी आणखी चाललो.

"दादा, कुटं हायसा?"

"हाय."

पुन्हा तेवढंच अंतर. मी खाली पाहिलं. चिखलात माझ्या टायरची रेघ होती, पाणी भरलेली, ताजी. एकच. तिच्यावरून दुसरी कुठली रेघ आलेली नव्हती. बाजूनेही नव्हती. मी वाकून, हात लावून पाहिलं. ज्या जागी थोड्या वेळापूर्वी ब्रेक किंचाळला होता, तिथे एकट्या माझ्या चाकाचा माग होता.

तेवढ्यात आवाज आला, न विचारता. "चल की रं फुडं. रस्ता हाय."

आवाज अजूनही आम्ही आलो होतो त्याच बाजूने येत होता. म्हणजे दादा जिथे असायला हवे होते त्या बाजूने.

तिथे उभं राहून माझी काय अवस्था झाली ते लिहिता येत नाही. डोक्यात एकच हिशेब चालू होता. हे दादा नाहीत, तर दादा कुठे आहेत? आणि कधीपासून नाहीत? मी शेवटचं त्यांना डोळ्यांनी कधी पाहिलं? ...डांबर संपलं तिथे! त्यानंतर नुसता आवाज. म्हणजे ते मागे कुठेतरी, या पावसात, एकटे. आणि त्यांच्याकडे जायचं तर त्या आवाजातून जावं लागणार होतं. पुढे जायला वाट मोकळी होती. खोटं कशाला बोलू, एक क्षण मी सायकलीकडे वळलोही होतो.

मग कुराणातली आयतुल कुर्सी म्हणत मागे चालू लागलो. लहानपणी पाठ केलेली, त्या दिवशी तिसऱ्या शब्दाला अडखळत होतो. नजर खाली, माझ्याच टायरच्या रेघेवर. उजवीकडे, अगदी खांद्याजवळ ब्रेकचा बारीक आवाज झाला. मी मान वळवली नाही. त्यानंतर आवाज माझ्या पाठीमागे गेला. "हाय," तो म्हणाला. मी हाक मारलेलीच नव्हती. थोड्या वेळाने पुन्हा, "हाय."

मी पळत सुटलो.

दादा सापडले ते कच्च्या रस्त्यावरच्या पहिल्याच पवनचक्कीच्या चौथऱ्यापाशी. डांबर संपल्यावर जेमतेम एक वळण, बास. कातळावरून चाक घसरून पडले होते. डाव्या खांद्याचं हाड मोडलेलं, हात लोंबत होता, ओठ निळे. सायकल बाजूला उताणी. मी धावत गेलो, गुडघ्यावर बसलो, तर मला बघून त्यांनी तोंड वाकडं केलं.

"आलास व्हय? रस्ता बघून येतो म्हनलास, किती येळ लावलास!"

"मी कवा म्हनलो?"

"आरं, आत्ता हितं बसला होतास की माझ्यासंगं. झोपू नका, झोपू नका म्हनून डोकं खाल्लंस माझं."

मला वाटलं थंडीने बरळतायत. त्यांच्या पंक्चरच्या सामानातली जास्तीची ट्यूब काढली, तिची झोळी करून हात गळ्यात बांधला. माझा विंडचीटर त्यांच्यावर घातला, उठवून उभं केलं. त्यांची सायकल तिथेच टाकली. पवनचक्कीवाल्यांच्या जिपा डांबरी रस्त्यावरून ये-जा करतात, तिथवर पोचलो तर कुणीतरी भेटेल एवढीच आशा होती. त्यांचा उजवा हात माझ्या खांद्यावर, असे आम्ही दोघं चालू लागलो. आणि थोडं पुढे गेल्यावर मागे ब्रेक किंचाळला.

दादांची सायकल चौथऱ्यापाशी उताणी पडलेली मी स्वतः पाहिली होती. माझी तर पार पुढे चिखलात आडवी होती.

दादांची बोटं माझ्या खांद्यात रुतली. म्हणजे त्यांनाही ऐकू आलं होतं. सीमेवर हिवाळे काढलेला माणूस, हळू आवाजात म्हणाला, "मागं बघू नगंस. चालत ऱ्हा."

डांबरावर आल्यावर आवाज बंद झाला. जीप मिळाली. ड्रायव्हरने हीटर लावला, आम्हाला खाली आणलं, तिथून इस्लामपूरच्या दवाखान्यात. आक्का आली, आधी रडली, मग आम्हा दोघांना शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी पवनचक्कीवरच्या लोकांनी दोन्ही सायकली शिराळ्यात आणून टाकल्या. डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. ते समजूतदार होते, हसले नाहीत. म्हणाले, अंग फार गार पडलं की मेंदू असे खेळ करतो. एकट्या माणसाला सोबत असल्याचा भास होतो, ओळखीचे आवाज येतात. मला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. शबनमलाही तेच सांगितलं आणि आमच्या घरात विषय संपला.

दादांना भेटायला मी दर आठवड्याला जात होतो. हात गळ्यात होता तोवर तेही त्या दिवसाबद्दल काही बोलले नाहीत. दिवाळीनंतर एकदा ऊसतोडीची गडबड चालू होती, आम्ही त्यांच्या ओट्यावर चहा पीत होतो. मधेच त्यांनी विचारलं, "अस्लम, तू त्या दिशी तुज्या आईचं सांगत होतास. त्येचा अर्थ काय रं?"

"आईचं मी काय सांगितलं?"

"तिथं बसल्यावर. माझे डोळे मिटाय लागले तवा सांगितलंस की. ती जाताना काय बोलली ते."

आणि दादांनी ते वाक्य म्हणून दाखवलं. "भार कोन तो बी भिगरा रे, अंदर ले उसकू."

बाहेर कुणीतरी भिजतंय, त्याला आत घे.

माझी आई गेली तेव्हा तिच्या खोलीत मी एकटा होतो. ऐन उन्हाळ्याची दुपार होती, बाहेर शेडवर बेदाणा वाळत होता, आभाळात ढगाचा ठिपका नाही. तिने माझा हात धरून हेच शब्द म्हटले आणि नंतर काही बोलली नाही. बहिणींनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, कलमा पढत गेली. त्यांना बरं वाटावं म्हणून. खरं काय ते मी शबनमलाही सांगितलेलं नव्हतं. दादांना फौजेतलं हिंदी येतं, पण हे फौजेतलं हिंदी नव्हे. ही आमच्या घरातली बोली आहे, आणि दादांनी तिचा एकही शब्द इकडचा तिकडे केला नव्हता.

दादांना अर्थ सांगितला. त्यांनी कप खाली ठेवला.

डॉक्टरांचं म्हणणं माझ्या आवाजांना लागू पडतं. दादांच्या भासालाही लागू पडतं. पण माझ्या डोक्यातलं वाक्य त्यांच्या कानात कसं गेलं, हे मला कुणी सांगितलेलं नाही. तसंच मला पुढे बोलावणारा आणि दादांना जागं ठेवणारा एकच होता की दोन वेगळे, हेही नाही. पठारावर माझी सायकल जिथे आडवी होती त्याच्या पुढे रस्ता आहे की कडा, हे मी आजवर कुणाला विचारलेलं नाही. आम्ही अजून राइडला जातो. फक्त आता पुढे-मागे जात नाही, शेजारी शेजारी चालवतो. लोक वैतागून हॉर्न वाजवतात.

त्या दिवशी ओट्यावरून मी निघालो तेव्हा दादा फाटकापर्यंत सोडायला आले. मी सायकलीवर टांग टाकली, तर त्यांनी हँडल धरलं.

"मग?" ते म्हणाले. "घेतलंस का रं त्येला आत?"

मी म्हणालो, "दादा, मी उठून बघितलं होतं. दार उघडलं होतं. भायेर कुणीबी नव्हतं."

त्यांनी हँडल सोडलं.

त्या दुपारी दार मी परत लावलं होतं का, हे मात्र मला कितीही आठवलं तरी आठवत नाही.