भिंगारचे राखाडी लॅपटॉप

किस्से मुद्दाम कुणी जमवत नाही. पंख्याच्या पात्यांवर धूळ बसते तसे ते बसत जातात. मग एखाद्या लग्नात जुना विद्यार्थी भेटतो, म्हणतो, "मॅडम, ते लॅपटॉपचं सांगा की," आणि पंखा सुरू होऊन सगळी धूळ आपल्याच अंगावर येते. ऐकणारे हसतात. मला मात्र सांगता सांगता पुन्हा तेवढाच थकवा येतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. भिंगारच्या बाजारात एका कापडदुकानाच्या वरच्या खोलीत मी आणि दिलीप शेळके मिळून कॉम्प्युटर क्लास चालवायचो. मी शिकवायचे. दिलीप बाकीचं सगळं करायचा, म्हणजे बोलायचा. क्लासला मशीन हवीत म्हणून तो मुंबईला गेला आणि कुठल्याशा कंपनीनं लिलावात काढलेले जुने लॅपटॉप घेऊन आला. राखाडी रंगाचे, उशीएवढे जाड, पडदा काळापांढरा, बॅटऱ्या केव्हाच मेलेल्या. "लाईट कमी खातात," तो म्हणाला. हे खरं होतं. पण ते बाकी काहीच करत नव्हते, हे त्यानं सांगितलं नाही.

तेवढ्यात परीक्षा मंडळाचा नियम आला. क्लासला मान्यता पाहिजे तर प्रत्येक मशीनवर नवी विंडोज चालताना दिसली पाहिजे. मान्यता नाही, तर आमचं सर्टिफिकेट म्हणजे नुसता जाड कागद.

आमच्याकडे शोभा म्हणून एक मुलगी होती, भिंगारचीच. एका साखर कारखान्याच्या ऑफिसात जागा निघाली होती आणि मान्यताप्राप्त सर्टिफिकेट ही त्यांची अट होती. घरी स्थळं बघणं चालू होतं. नोकरी लागली तर लग्न थांबवू, असं वडिलांनी तिला कबूल केलं होतं. ती रोज क्लासला आली की पहिला प्रश्न विचारायची, "मॅडम, मान्यता?"

आणि मी त्या लॅपटॉपकडे बघायचे.

दिलीपनं पुण्याच्या एका डीलरला फोन केला. मॉडेलचा नंबर सांगितला, नवी विंडोज यावर चालेल का विचारलं. पलीकडच्यानं काय सांगितलं ते मला पुढं कळलं. तो म्हणाला, "कंपनी म्हणते चालणार नाही. आणि चाललीच, तर आम्हाला कळवू नका. नाहीतर सगळेच माळ्यावरची मशीन घेऊन येतील."

दिलीपनं फोन ठेवला आणि मला सांगितलं, "चालेल म्हणतायत."

* * *

या लॅपटॉपला सीडी लावायची सोय नव्हती. सगळी विंडोज फ्लॉप्यांवरून चढवायची, एक काढायची, दुसरी घालायची. शेवटच्या फ्लॉपीवर अडकलं की पुन्हा पहिलीपासून. वाती वळत बसावं तसं मी ते काम करत बसायचे.

फ्लॉप्यांचा संच पुण्याहून आला तो नेमका खंडेनवमीला. दिलीपच्या आई गावाहून पूजेसाठी त्याच्या घरी आल्या होत्या. शेतकऱ्याचं घर. विळा, कोयता, मोटरसायकल यांच्याबरोबर लॅपटॉपही रांगेत मांडले होते. त्यांनी सगळ्यांना झेंडूची फुलं वाहिली, हळदकुंकू लावलं. इथपर्यंत ठीक होतं.

मग त्यांनी विचारलं, "ह्या चपट्या डब्यांत काय असतं?"

दिलीप म्हणाला, "सगळं त्याच्यातच असतं आई. मशीन नुसतं खोकं."

आम्ही प्रसादाची पानं मांडायला वळलो. आईंनी एकेक फ्लॉपी घेतली, तिचं पत्र्याचं झाकण नखानं सरकवलं आणि आत चिमूटभर हळद, चिमूटभर कुंकू घातलं. सगळ्यांत. मी बघितलं तेव्हा त्या शेवटचीवर अक्षता टाकत होत्या.

दिलीप कसाबसा म्हणाला, "आई, वरून लावायचं असतं गं."

"वरवरची पूजा कशाला करायची?" आई म्हणाल्या. "जिथं जीव हाय तिथं लावावं."

त्यातली एकही फ्लॉपी पुन्हा चालली नाही. एक मशीनमध्ये घालून बघितली, तर ड्राइव्हही पिवळा झाला. आईंना ते सांगितलं. त्या जराही ओशाळल्या नाहीत. म्हणाल्या, "मग आता ती सगळी देवाची झाली. देव्हाऱ्यात ठिवते." आणि खरोखर घेऊन गेल्या. दिलीपच्या गावच्या देव्हाऱ्यात देवांच्या टाकांशेजारी एक अख्खी ऑपरेटिंग सिस्टीम कित्येक वर्षं होती.

* * *

दुसरा संच आला. कशीबशी विंडोज चढली. फक्त सुरू व्हायला वेळ लागायचा. किती, ते विचारू नका. बटण दाबून आम्ही हजेरी घ्यायचो, मग कालचा धडा म्हणून घ्यायचो, मग मुली खाली जाऊन पाणी पिऊन यायच्या.

आमच्याकडे थोरात काका शिकायला यायचे. रणगाड्यांच्या रेजिमेंटमधून हवालदार म्हणून रिटायर झालेले, ताठ, मिशांना पीळ. रिकामं बसणं त्यांना जमायचं नाही. त्यांनी आपणहून ड्यूटी लावून घेतली. क्लासच्या बऱ्याच आधी येऊन किल्ली घ्यायची आणि एका टोकापासून सगळी मशीन सुरू करत जायची. शेवटच्या मशीनचं बटण दाबलं की मागे हात बांधून उभे राहायचे.

एकदा मी लवकर पोचले. काका तसेच उभे होते. म्हटलं, "काका, बसा की."

"बसतो," ते म्हणाले. "पण मॅडम, एक विचारू? आमचा रणगाडा कडाक्याच्या थंडीत याच्या आधी सुरू व्हायचा. आणि तो कुणावर तरी गोळा टाकायला सुरू व्हायचा. हे सुरू होऊन काय करणार आहे?"

मी म्हटलं, "काका, टायपिंग."

काकांनी मान हलवली आणि पुन्हा मशीनकडे बघत उभे राहिले.

* * *

टायपिंगचंही सांगते. मशीनची मेमरी इतकी कमी की तुम्ही अक्षर दाबलं की ते लगेच दिसेलच असं नाही. नवी मुलं घाबरायची, तेच अक्षर चारदा दाबायची, आणि मग चारही यायची. काही मुली रडकुंडीला यायच्या.

शोभानं मात्र त्यावर आपली एक रीत काढली. पडद्याकडे बघायचंच नाही. अख्खी ओळ मनात धरून टाइप करायची, हात मांडीवर ठेवायचे आणि थांबायचं. मग अक्षरं आपली एकामागून एक येत राहायची. ती तोवर पुढची ओळ पाठ करायची.

एकदा एका मुलीचे वडील चौकशीला आले होते. त्यांनी बघितलं, शोभा हात मांडीवर ठेवून बसलीय आणि मशीन आपोआप पत्र लिहितंय. ते दारातच थबकले. मला म्हणाले, "हे सगळं मशीनच करतं?"

शोभानं मान वर न करता सांगितलं, "न्हाई काका. मी पुढं गेले. ते येतंय मागनं."

त्यांनी त्याच दिवशी मुलीची ॲडमिशन घेतली. कशाच्या भरवशावर, ते मला आजही कळलेलं नाही.

* * *

या उद्योगाचा एक तोटा झाला. नाव झालं. "जुन्यावर नवं चढवून देतात" अशी बातमी जिल्हाभर पसरली. दिलीपच्या तोंडात "नाही" हा शब्द नव्हता, त्यामुळे कुणाकुणाची माळ्यावरची मशीन आमच्याकडे यायला लागली. पुण्याचा डीलर शहाणा होता.

भंडारदऱ्याहून एका लॉजच्या मालकाचा निरोप आला. त्यांच्या मेहुण्यानं परदेशातून जुना लॅपटॉप पाठवला होता, त्यावर नवी विंडोज पाहिजे. आम्ही एसटी बदलत, धक्के खात गेलो. पाऊस लागलेला, धरणावर धुकं, आणि लाईट नव्हती. मालक म्हणाले, "काळजी करू नका." त्यांनी अंगणातल्या ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणली, ती एका इन्व्हर्टरला जोडली, आणि त्यावर मी दिवसभर फ्लॉप्या घालत बसले. बाहेर पाऊस, आत भजी, दिलीपच्या गप्पा. माझी मान अवघडलेली. मध्ये ट्रॅक्टरवाला येऊन दोनदा विचारून गेला, "झालं का? भाताची चिखलनी खोळंबलीय."

संध्याकाळी चढली. मी खुर्ची मालकांकडे सरकवली. म्हटलं, "बघा. आता यात तुम्ही गिऱ्हाइकांची नोंद ठेवू शकता, बिलं करू शकता."

मालकांनी कान पुढे केला. "आवाज?"

"कसला आवाज?"

"मुंबईच्या पाव्हन्यांच्या मशीनला सुरू होताना गाणं वाजतं ना एक. बारकं, ग्वाड. तेवढंच पायजे हुतं काउंटरवर."

दिलीपनं माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, की या लॅपटॉपला आवाजाची सोयच नाही. फार तर टुक् करून एकदा वाजेल.

मालकांनी खुर्ची परत माझ्याकडे सरकवली. त्यांना राग आला नव्हता, वाईट वाटलं होतं. मग म्हणाले, "मग जुनं काय वाईट हुतं?"

परतीच्या एसटीत दिलीप संगमनेरपर्यंत बोलला नाही. त्याच्या हिशेबानं हा विक्रम होता. मी खिडकीला डोकं टेकून बसले होते. मला त्या मालकांचंच पटत होतं. कुणीतरी कुठेतरी बसून काहीतरी नवीन काढतं आणि आम्ही इकडे चालू असलेली मशीन बंद पाडत गावोगाव फिरतो. पण मग शोभाचं तोंड आठवलं. तिच्यासाठी जुनं पुरेसं नव्हतं. म्हणजे तिला पुरेसं होतं, मंडळाला नव्हतं.

* * *

शेवटी तपासणीचं पत्र आलं.

त्या दिवशी थोरात काका उजाडताच येऊन बसले. सगळी मशीन सुरू करून ठेवली. आमचा बेत साधा होता: मंडळाचे साहेब यायच्या आधी सगळ्यांवर विंडोज उघडून ठेवायची, म्हणजे सुरू व्हायला किती वेळ लागतो हा प्रश्नच येणार नाही. शोभा इस्त्रीचा ड्रेस घालून पहिल्या मशीनवर बसली होती. कारखान्याच्या मुलाखतीचा दिवस जवळ आला होता. घरी एक स्थळ बघूनही गेलं होतं, आणि पसंती आली होती.

साहेब जिना चढत होते आणि लाईट गेली.

सगळे पडदे एकदम विझले. साहेब दारात आले तेव्हा खोलीत अंधार, आणि काका अटेन्शनमध्ये.

साहेब वयस्कर होते. हातात जाड फाईल, शर्टाला घामाचे डाग, एसटीनं आलेले दिसत होते. बोलणं पुस्तकी, कोरडं. "लाईट येऊ द्या. मला एक मशीन पहिल्यापासून सुरू करून दाखवा. पडद्यावर विंडोज दिसली की माझं काम झालं."

दिलीपनं चहा मागवला, भेळ मागवली, स्वतःच्या गावची जत्रा सांगायला काढली. साहेबांनी फाईल टेबलावर ठेवून भेळ खाल्ली, जत्रा ऐकली नाही.

लाईट आली. शोभानं बटण दाबलं. साहेब तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले.

पहिल्यांदा काळ्या पडद्यावर काही अक्षरं आली आणि गेली. मग विंडोजचं सुरुवातीचं चित्र आलं. ज्यांनी बघितलं असेल त्यांना माहीत आहे, निळं आभाळ, त्यात पांढरे ढग, मधे नाव. आमच्याकडे पडदाच काळापांढरा, त्यामुळे आभाळ राखाडी आणि ढगही राखाडी. खाली एक पट्टी सरकत होती.

सरकत राहिली.

आत डिस्क कुरकुरत होती. शोभाचे हात मांडीवर होते आणि ओठ हलत होते, काय म्हणत होती कुणास ठाऊक. खालच्या दुकानात कुणी तरी कापड टर्रकन फाडलं, ते आम्हाला वर ऐकू आलं. मग ती पट्टीही थांबली. मला माहीत होतं याचा अर्थ काय. मशीन अडकलं होतं, आता बंद करून पुन्हा पहिल्यापासून, आणि पुन्हा अडकणार नाही याची मी काय, कंपनीनंही खात्री दिली नव्हती.

साहेब त्या ढगांकडे बघत होते. बराच वेळ. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा बघितलं.

"पुढं काय येतं?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडलं, पण उत्तर शोभानं दिलं. "विंडोज येती, साहेब. वेळ लागतो, पन येती."

"तुला येतं का त्यातलं?"

"सगळं येतं."

साहेबांनी तिच्याकडे बघितलं, मग पुन्हा पडद्याकडे. ढग होते तिथेच होते.

"मॅडम," ते मला म्हणाले, आणि त्यांचं ते पुस्तकी बोलणं एकदम गळून पडलं. "आमी खर्ड्याकडची, दुष्काळी मानसं. नुसते ढग बघून पेरनी करायची सवय हाय आमाला. आना ती फाईल, सही करतो."