चाळणीताईची यादी

ऑफिसात तिला सगळे चाळणीताई म्हणायचे आणि तिला ते आवडायचं. कानाच्या मशीनच्या त्या दुकानात गिऱ्हाइकांची भलीमोठी यादी कॉम्प्युटरवर होती, आणि तिच्यातून हवं ते चाळून काढण्यात हिचा हात धरणारं कोणी नव्हतं. साहेबांनी नुसतं विचारायचा अवकाश, "जुनी मशीनं वापरणारे कोण कोण आहेत गं?" की ही दोन कॉलमांना फिल्टर लावून, यादी खालीवर करून, साहेबांचा चहा निवायच्या आत नावं समोर ठेवायची. तोवर बाकीचे पुढचं पान कुठे दाबून येतं तेच शोधत असायचे.

तिची जागा मागे, काचेच्या पार्टिशनच्या आड. पुढे काउंटर, काउंटरवर वहिनी. त्या कोणाच्या वहिनी होत्या ते आता कोणाला आठवत नव्हतं, पण साहेबसुद्धा त्यांना वहिनीच म्हणत. भिंतीला लागून खुर्च्या, आणि खुर्च्यांवर आपली पाळी यायची वाट बघणारी वयस्कर मंडळी. या दुकानात कुजबुज नावाची गोष्टच नव्हती. कोणाची सून बोलत नाही, कोणाचं पोट साफ होत नाही, सगळं खणखणीत आवाजात, पार फुटपाथपर्यंत.

दर महिनाअखेर चाळणीताईला एक काम असायचं. बरेच दिवस न फिरकलेल्या गिऱ्हाइकांना आणि ज्यांची मशीनं दुरुस्त होऊन पडली आहेत त्यांना फोन करायचे, आणि यादीत त्यांच्या नावापुढे काय ते नोंदवायचं. सॉफ्टवेअरने पर्याय दिले होते: चालू, गाव सोडलं, मृत, आणि संपर्क झाला नाही. हा शेवटचा तिच्या डोळ्यांत सलायचा. तो निवडला की ओळ पिवळी व्हायची आणि पुढच्या महिन्यात पुन्हा वर येऊन बसायची, न बोलावता आलेल्या पाहुण्यासारखी. पिवळ्या ओळी साठल्या की साहेब मागे उभे राहून नुसतं "हं" म्हणायचे. त्या "हं"ने तिचा दिवस नासायचा.

सुरुवातीला तिने इमानेइतबारे केलं. पुन्हा पुन्हा फोन लावले. कधी एखाद्याचा मुलगा फोन घ्यायचा आणि म्हणायचा, "आई गेली हो मागेच." असं काही वेळा झालं आणि तिने मनाशी एक हिशेब पक्का करून टाकला. वय झालेलं आहे, फोन उचलत नाही, म्हणजे काय ते समजायचं. तीनदा फोन करायचा, नाही उचलला तर मृत. ओळ यादीतून कायमची जायची. पुढे पुढे एकेक ओळ बदलायचाही तिला कंटाळा आला. फिल्टर लावायचा, सगळ्यात वरच्या चौकोनात टिक करायची, सगळ्या ओळी एकदम निळ्या व्हायच्या, मग एक क्लिक. पिवळ्याचं नामोनिशाण नाही. यादी कशी, नुकत्याच पुसलेल्या ओट्यासारखी.

साहेब खूश. त्यांनी सगळ्यांना तिच्या खुर्चीमागे उभं करून दाखवलं, "याला म्हणतात काम." मग तिने बनवलेलीच यादी सगळ्यांच्या स्क्रीनवर लावून दिली. कोणीही कॉम्प्युटर उघडला की आधी हीच दिसायची, मृत वगळून, नीटनेटकी. मृतांच्या घरी दर तिमाहीला दुकानातर्फे दुखवट्याचं पत्र जायचं. तेही सॉफ्टवेअर आपलं आपणच पाठवायचं. कोणाला बोट हलवायला नको.

आता यातली खरी गंमत सांगायची तर ती घरातली आहे. चाळणीताईचे वडील त्याच दुकानातलं मशीन वापरायचे. ते काढून ठेवलं की त्यांच्या उशाशी ढोल बडवला तरी बाबा ढिम्म. संध्याकाळी ती बेल वाजवायच्या भानगडीत पडायची नाही. किल्लीने दार उघडायची, दिव्याचं बटण दोनदा खालीवर करायची, मग बाबा मान वळवून हसायचे. कान नसलेल्या माणसाला फोन ऐकू येत नाही, हे जगात कोणाला सांगायची गरज नसेल तर ती हिला. पण डबा घरी विसरावा तसं ती हे रोज घरी विसरून ऑफिसला यायची.

एका सकाळी दुकानात एक घड्याळजी आले. उंच, किंचित वाकलेले, इस्त्रीचा शर्ट, बोटांची नखं स्वच्छ कापलेली. हातात लिफाफा. काउंटरवर तो ठेवून ते वहिनींना म्हणाले, अर्थात सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात, "हे आमच्या कुटुंबीयांच्या नावाने आलंय. घरात मी एकटाच. दोन दिवस वाट बघितली, कोणी उघडायला येतंय का. शेवटी मीच उघडलं."

खुर्च्यांवर हशा पिकला. वहिनींनी पत्र वाचलं आणि त्या हसल्या नाहीत. घड्याळजींच्या दुःखद निधनाबद्दल दुकानाला मनापासून वाईट वाटलं होतं.

"मी मागेही येऊन गेलो," घड्याळजी सांगत होते. "मशीन दुरुस्तीला दिलं होतं. तयार झालं की फोन करू म्हणालात. तुम्हीच कागदावर लिहून दाखवलं, यादीत नाव नाही. मला वाटलं हरवलं असेल. तगादा लावायची सवय नाही मला. जन्मभर लोकांनी मला लावला, फार वैताग यायचा."

काचेआड चाळणीताईने मान वर केली. तिला सगळं एका दमात कळलं. माणसाचे कान यांनी काढून घेतले, ड्रॉवरमध्ये ठेवले, आणि त्यालाच सांगितलं की फोन करू. फोन तिनेच केला होता. तीनदा. प्रत्येक वेळी शेवटपर्यंत वाजू दिला होता, आणि वाजताना ती नखं बघत बसली होती. मग एक टिक. त्यानंतर हा माणूस चालत दुकानात आला, वहिनींनी हिची स्वच्छ यादी उघडली, तीत तो नव्हता, आणि जिवंत माणसाला नाव नाही म्हणून परत पाठवलं. त्या दिवशीही ती इथेच, काचेआड बसलेली असणार. मान वर करून बघितलंसुद्धा नसेल.

साहेब केबिनमधून लगबगीने आले. पत्र वाचलं, जीभ चावली, आणि काउंटरवरचा कागद ओढून मोठ्या अक्षरांत लिहिलं: काका, सॉफ्टवेअरची चूक. माफ करा. मग वळून म्हणाले, "ताई, जरा बघ गं, काकांचं मशीन आपल्याकडेच असेल. हे सॉफ्टवेअर म्हणजे नुसता ताप."

"हो ना," ती म्हणाली. तिच्याच तोंडून निघालं ते.

मशीन ड्रॉवरमध्येच होतं, रबरबँड लावलेल्या डबीत, चिठ्ठीवर त्यांचं नाव. ती डबी घेऊन काउंटरपाशी त्यांच्या समोर बसली. साहेब फोनवर बोलत आत गेले होते. घड्याळजी तिच्या बोटांकडे बघत होते, कारागीर कारागिराकडे बघतो तसे. तिला त्यांच्याकडे वर बघवेना.

"काका," ती खाली मान घालून, हळूच म्हणाली, "सॉफ्टवेअरची चूक नाही. मी केलं. तुम्ही फोन उचलला नाही म्हणून मीच तुम्हाला मेलेलं ठरवलं."

घड्याळजींनी मान डोलावली. "हो, हो," ते म्हणाले, आणि समजुतीने हसले. ऐकू न येणारी माणसं समोरच्याला बरं वाटावं म्हणून हसतात तसं. बाबाही असेच हसायचे.

तिला हलकं वाटलं. सांगून झालं, सुटले. आणि मग त्या हलकं वाटण्याचीच अशी काही शरम आली की कानशिलं तापली. कबुली दिली ती कोणाला, तर ज्याला ऐकूच येत नाही त्याला! तेही आवाज खाली घेऊन, ज्या दुकानात आजवर कोणी हळू बोललं नव्हतं तिथे.

तिने सेलवरचा कागद सोलला, सेल बसवला, मशीन त्यांच्या कानात अलगद घातलं. ते बारीक शीळ घालून गप्प झालं. घड्याळजींचा चेहरा बदलला. त्यांनी आधी दाराकडे पाहिलं, रस्त्याकडे. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे मान वळवली.

"काटा घासतोय याचा," ते म्हणाले. "ऐका की."

ते उठायला लागले. आता गप्प बसलं असतं तरी चाललं असतं. साहेबांनी कागदावर लिहून दिलेलंच होतं. पत्र घडी होऊन खिशात गेलं असतं, मशीन मिळालं होतं, माणूस खूश होता.

"काका, बसा जरा," ती म्हणाली. आणि मग बाबांशी बोलायची सवय म्हणा की धीर एकवटायचा म्हणून म्हणा, तिचा आवाज एकदम चढला. "सॉफ्टवेअरची काही चूक नाही! मी तुम्हाला मृत लिहिलं! तीनदा फोन केला, तुम्ही उचलला नाही, म्हणून लिहून टाकलं! यादी चांगली दिसावी म्हणून! तुमचं मशीन आमच्याच ड्रॉवरमध्ये होतं!"

खुर्च्या गप्प झाल्या. वहिनींनी हातातलं पेन खाली ठेवलं. केबिनच्या दारात साहेब, कानाला फोन तसाच. एक बाई शेजारणीला म्हणाल्या, "म्हणजे आपल्यालापण लिहिलं असेल का हो?" आणि कोणीच हसलं नाही. चाळणीताईला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

घड्याळजींनी कानामागचं मशीन बोटाने नीट केलं.

"हळू बोला," ते म्हणाले. "आता ऐकू येतंय मला."

तिने नुसती मान हलवली.

घड्याळजींनी तिच्याकडे बघितलं. रागावले नव्हते. रागावले असते तर तिला सोसलं असतं. मग त्यांनी विचारलं, "आणि ज्यांनी ज्यांनी फोन उचलला नाही, ते?"

ती उठून काचेआड गेली. तिने फिल्टर काढला. इतके दिवस गाळून ठेवलेली नावं एकामागून एक स्क्रीनवर उतरत राहिली, पान भरलं, दुसरं भरलं. प्रत्येक ओळीत तिचा हात होता. ती पत्ते कागदावर उतरवायला बसली. साहेब मागे येऊन उभे राहिले. यावेळी "हं" म्हणाले नाहीत.

"आधी फोन तरी करून बघ की," ते म्हणाले.

तिने मागे वळून त्यांच्याकडे पाहिलं. साहेबांनी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी ती पहिल्या पत्त्यावर गेली. जिन्याखालचं तळमजल्याचं घर, दाराबाहेर पायपुसणं, खिडकीला फिकट पडदा. तिने बेल वाजवली. थांबली. पुन्हा वाजवली, आणखी एकदा वाजवली. आत काही हालचाल नाही. तिने पर्समधून कागद काढला, त्या नावावर पेन टेकवलं, आणि आपण काय करतोय ते बघून तिला स्वतःचीच किळस आली.

तिने कागद पर्समध्ये कोंबला, वळसा घालून खिडकीपाशी गेली. पडद्याच्या फटीतून एक म्हातारी पलंगावर पाठमोरी बसलेली दिसत होती, कपड्यांच्या घड्या घालत. चाळणीताई टाचा उंचावून खिडकीशी उभी राहिली, आणि म्हातारीने मान वळवेपर्यंत हात हलवत राहिली.