झोपेतही पुढे जाणारी होडी

“ताई, मी झोपले तरी तुमची होडी चालतेच,” कुंदा म्हणाली. तिच्या डोक्यावरची वायर काढता काढता माझा हात थांबला.

शहापूरच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात आमची ट्रायल चालू होती. मी ईईजी टेक्निशियन, म्हणजे डोक्याला वायरी चिकटवून मेंदूच्या लहरींच्या रेघा काढणारी. पेशंट सगळ्या फायब्रोमायल्जियाच्या बायका. या आजारात अंगभर दुखतं. रात्रभर झोपूनही सकाळी अंग ठेचल्यासारखं असतं. रक्त, एक्स-रे सगळं नॉर्मल येतं, त्यामुळे घरचे म्हणतात, ढोंग.

उपचार असा. पेशंटने स्क्रीनकडे बघत बसायचं. लहरी हव्या तशा शांत झाल्या की स्क्रीनवरची होडी पुढे सरकते. सरावाने मेंदू शांत राहायला शिकतो आणि दुखणं कमी होतं, असा दावा. तो तपासायला अर्ध्या बायकांना खोटी होडी होती, दुसऱ्याच कुणाच्या लहरींवर चाललेली, आधी रेकॉर्ड केलेली. कुणाला कुठली, हे कॉम्प्युटर ठरवायचा. पेशंटला माहीत नाही, मलाही नाही. होडीची स्क्रीन पेशंटकडे, माझ्यासमोर फक्त रेघा. सही घेण्याआधी हे सगळं प्रत्येकीला वाचून दाखवलं होतं. बहुतेकींनी मान डोलावली होती. कुंदाने ऐकलं होतं.

ती म्हसा भागातल्या एका गावातून यायची. जीपने मुरबाड, तिथून एसटी. आठवड्यातून दोनदा.

“कधी कळलं तुला?”

“तिसऱ्या खेपेला डोळा लागला. उठले तर होडी काठाला. मला वाटलं, मी झोपेत हुशार! मग मागल्या खेपेला दात आवळून बसले.”

“रेघा बिघडत होत्या, म्हणून दात सैल सोड असं मी दोनदा सांगितलं होतं.”

“तवाच. तरी होडी चालतच व्हती. आन आज मनातल्या मनात सासूशी भांडले, पार कचाकचा. होडी आपली मजेत. माझी खोटी हाय ना?”

मला खरंच माहीत नव्हतं, आणि असतं तरी सांगायची परवानगी नव्हती. “हे मला रिपोर्टमध्ये लिहावं लागेल,” मी म्हटलं.

“लिवा. पण मला काढू नका. आन घरी नका सांगू.”

तिला थोडं हलकं वाटू लागलं होतं. खुर्चीत झोप लागायची, तासभर कुणी हाक मारायचं नाही. “खोट्या मशीनवर बरं वाटलं म्हणलं तर घरची काय बोलतील? दुखणंच खोटं व्हतं. दोन वर्सं तेच तर ऐकतेय.”

मी लिहिलं. घरी मात्र काही कळवलं नाही.

शनिवारी मुंबईहून सर आले. डॉक्टर तेच, ट्रायल त्यांची. रिपोर्ट वाचून म्हणाले, “कुणाची होडी खोटी, हा कोड कुणी उघडला?”

“पेशंटने.”

“म्हणजे?”

मी दात आणि सासू दोन्ही सांगितलं. सर हसले, मग रिपोर्ट खाली ठेवला. “बाकीच्यांनीही असंच केलं असेल.”

“विचारावं लागेल, सर. होडी खरी वाटते की खोटी, हा प्रश्नच आपल्या फॉर्ममध्ये नाही.”

विचारलं. चार-पाच जणींनी आपापल्या परीने मशीन तपासलं होतं. एकीने होडीला मनात शिव्या घालून पाहिल्या होत्या. आपली होडी खोटी हे पक्कं ओळखल्यामुळे कुंदाच्या खेपा नियमाप्रमाणे बंद झाल्या.

पुढच्या आठवड्यात ती नवऱ्याला घेऊन हजर. तो मुरबाड-कल्याण जीप चालवायचा. खेपा का थांबल्या, असं त्याने विचारल्यावर तिने सरळ सांगून टाकलं होतं.

“मॅडम, मशीन खोटी, तरी हिला बरं वाटलं. मग दुखणं पण खोटंच ना?”

कुंदा फरशीकडे बघत उभी होती.

“भाऊ, होडीत काही गडबड आहे हे आम्हाला कुणी सांगितलं?”

“हिनंच.”

“ढोंगच करायचं असतं तर गप्प बसून सगळ्या खेपा पुऱ्या केल्या असत्या. आयता आराम. जी बाई आमचं खोटं आमच्या तोंडावर सांगते, ती स्वतःचं खोटं दोन वर्षं सांभाळत बसेल?”

तो बायकोकडे वळला. “एवढं दुखतं, मला कवा बोलली नायस?”

“बोलले. तुमी गाडी पुसत व्हता.”

त्याने कोपऱ्यातली खुर्ची ओढून तिला बसवलं. मग मला म्हणाला, “आता करायचं काय?” दोन वर्षांत हा प्रश्न त्याने पहिल्यांदा विचारला होता, हे कुंदाने मला नंतर सांगितलं.

सरांनी गोळी दिली, रोज थोडं चालायला सांगितलं, दुपारी तासभर आडवं व्हायला सांगितलं.

“दुपारचं तेवढं मराठीत लिवून द्या, साहेब,” नवरा म्हणाला. “सहीशिक्क्याशिवाय म्हातारी ऐकायची नाय.”

सरांनी लिहून दिलं. ट्रायल संपली तेव्हा खऱ्या आणि खोट्या होडीच्या दोन्ही गटांतल्या बायकांना थोडं थोडं बरं वाटत होतं, आणि दोन्हींत सारखंच. मशीन मुंबईला परत गेलं. कुंदाचं दुखणं पूर्ण गेलं नाही. पण तिची दुपार तिला मिळाली, आणि सासू दारात बसून शेजारणींना परत पाठवायची, “पडलीय ती, डाक्टरनी सांगितलंय.”

त्यानंतर मी अनेक ट्रायल केल्या. पेशंट नुसते बसून असतात, असं मी कधी धरून चालले नाही.