दार नसलेलं घर

माझी मावशी शिंप्याच्या दुकानात काजं करायची, म्हणून सगळे तिला काजमावशीच म्हणत. शर्टांना टाके घालता घालता तिने एक गीत रचलं होतं. स्वर्गातल्या घराला दार नाही, तिथे कुणी बाहेर ताटकळत नाही, असं काहीसं. आमच्या चर्चमध्ये ते फक्त दफनाच्या वेळी म्हणतात. शवपेटी उचलताना पहिलं कडवं, कबरीपाशी शेवटचं. त्यामुळे मावशी स्वर्गात जाऊन घर बघून आली आहे, अशीच सगळ्यांची समजूत.

पोटातली गाठ काढायचं ठरलं तेव्हा पाळकसाहेब म्हणाले, "तुम्हाला कसली भीती?" मावशी कसंनुसं हसली. घरी येऊन तिने सुई हातात घेतली, तर दोरा काही केल्या ओवला जाईना.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी गायनमंडळ वॉर्डात आलं. धीर द्यायला आले होते बिचारे, आणि अकलेचे तारे तोडले. तिचंच गीत सुरू केलं. मावशीने चादर तोंडावर ओढून घेतली. माझं डोकंच फिरलं.

"अहो मास्तर, जिवंत आहे ती अजून," मी गाणं सांगणाऱ्या मास्तरांना म्हटलं. गाणं तिथेच थांबलं आणि सगळे खाली मान घालून निघून गेले.

"मला फार भीती वाटते गं," चादरीतून आवाज आला.

"मग ते गीत कसं लिहिलंस?"

"आई आजारी होती तेव्हा तिच्या खोलीचं दार लावून घेतलं होतं. आम्हा पोरींना बाहेर गप्प बसवलं. आम्ही हूं की चूं केलं नाही. तिला आतून वाटलं असेल, सगळे सोडून गेले. त्यातच ती गेली. स्वर्ग मी कुठे पाहिलाय? वाटलं, तिथे तरी दार नसावं."

सकाळी ऑपरेशन थिएटरपाशी स्ट्रेचर थांबलं. तिने माझं मनगट घट्ट धरलं.

"दार लावतील ना?"

मला खोटं बोलवेना. "लावतील."

"मग तू गप्प बसू नकोस. माझं गीत म्हण. मला ऐकू येईल असं."

आता माझा आवाज असा, की गायनमंडळाने मला फुलं मांडायच्या कामाला लावलंय. त्यात दारावर पाटी, 'शांतता राखा'. आणि गीत दफनाचं. ते माझ्या तोंडून निघालं आणि तिचं काही बरंवाईट झालं तर? दार लागलं. मी बाकाची कड धरून म्हणायला लागले, बेसूर, रडत, मध्येच शब्द गिळत. येणारेजाणारे थांबून बघायला लागले.

दार किलकिलं झालं आणि नर्स बाहेर आली. आता ही हाकलणार, असं वाटून माझा आवाज खाली गेला.

"जरा मोठ्याने म्हणा," ती म्हणाली. "त्या सारख्या विचारताहेत, भाची आहे ना बाहेर?"