कापसासारखे धरून ठेवलेले शेअर

मानवतच्या एका जिनिंगमध्ये मी सत्तावीस वर्षांपासून कापूस तपासतोय. गाडीतून मूठभर कापूस घ्यायचा, दोन्ही चिमटींत धरून धागा ओढायचा, तुटायच्या आधी किती ताणला ते बघायचं आणि दर बोलायचा. वजन वाढवायला कुणी पाणी मारलं असेल तर हात घालताच मला कळतं. एवढी अक्कल असलेल्या माणसानं विमान कंपनीचे शेअर घ्यायलाच कशाला पाहिजे होते, असं बायको अजून विचारते आणि मी अजून तिच्यावर खेकसतो.

तसं विमान आम्ही रोज बघत होतो. नांदेडहून मुंबईला जाणारं ते पंख्याचं लहान विमान सकाळी दहाच्या सुमारास आमच्या गावावरून जायचं. जिनिंगसमोरच्या हॉटेलात चहाला बसणारे आम्ही तिघं तेव्हा बाहेर येऊन माना वर करायचो. एक किराणा दुकानदार, एक निवृत्त गुरुजी आणि मी. दुकानदार गुडघा दाखवायला त्या विमानानं मुंबईला जाऊन आले होते. आल्यावर आठ दिवस त्यांच्या तोंडात दुसरा विषय नव्हता.

"एक सीट रिकामी न्हाई हो! इमान फुल्ल भरून जायलंय. अशी कंपनी कशी बुडंल?"

हे आम्हाला पटलं. भरलेली गाडी नफ्यात असते, एवढंच आमचं व्यापाराचं ज्ञान. तिघांनीही शेअर घेतले. घेतल्यावर तर काय, वर बघून 'आपलं आलं' म्हणायलाही सुरुवात झाली.

माझी मोठी बहीण पूर्णेला असते. आम्ही तिला अक्का म्हणतो. दाजी रेल्वेत होते. ते गेल्यावर मिळालेल्या पैशातून तिला घरावर एक खोली चढवायची होती, भाड्यानं द्यायला. अक्का मला विचारल्याशिवाय साधी गॅसची शेगडी घेत नसे. कुठल्या गाडीनं येऊ, लोणच्याला तेल कुठलं आणू, भाडेकरू कसा निवडू, सगळं मला विचारायची. मी कटकट झाल्यासारखं दाखवायचो, पण मला ते फार आवडायचं. मीच तिला म्हणालो, खोलीचं पुढच्या वर्षी बघू, आधी हे शेअर घे. तिचं खातं माझ्या मोबाइलवरच चालायचं. फक्त विकायचं झालं की ओटीपी तिच्या फोनवर यायचा.

शेअर पडायला लागले तेव्हा आम्ही घाबरलो नाही, आणि तिथंच चुकलो. आमच्याकडे भाव पडला की कापूस विकत नाहीत, घरात भरून ठेवतात. पुढची खोली छतापर्यंत भरते, पाहुण्यांना बसायला जागा राहत नाही. उन्हाळा लागला की त्यात बारीक किडे होतात, घरभर सगळे अंग खाजवत बसतात, पण माल हलवत नाहीत. बहुतेक वेळा भाव येतोही. नाही आला तरी पिवळा पडलेला कापूसही कुणीतरी घेतोच. अगदी मातीमोल झालेल्या कापसाला सत्तावीस वर्षांत शून्य भाव मी बोललेलो नाही. तेव्हा 'धरून ठेवा' असं मीच सगळ्यांना सांगितलं, आणि मालातलं मला कळतं म्हणून सगळ्यांनी ऐकलं.

पण झोप उडाली. सव्वानऊला बाजार उघडायचा, त्याच्या आधीच मी मोबाइल हातात घेऊन अंगणात येरझाऱ्या घालायचो. जेवताना पाय हलवायचो, त्यावरून बायको ओरडायची. भाड्यानं घेतलेल्या विमानांचं भाडं थकलंय, पायलटांचे पगार झाले नाहीत, अशा बातम्या यायच्या. मी त्या दोनदोनदा वाचायचो आणि तिसऱ्यांदा दुसऱ्या वेबसाइटवर शोधायचो, तिथं काही वेगळं लिहिलंय का म्हणून.

मग एका सोमवारी दहा वाजले, सव्वादहा झाले, विमान आलंच नाही. मंगळवारीही नाही.

बुधवारी मी अर्धा चहा तसाच ठेवून उठलो, जिनिंगच्या मागं सरकीच्या ढिगाआड गेलो आणि माझे सगळे शेअर विकून टाकले. निम्मे पैसे गेले, निम्मे वाचले. आता लगेच अक्काला फोन करायचा, ओटीपी घ्यायचा आणि तिचेही विकायचे, असं ठरवलं. पिशवी हॉटेलात राहिली होती म्हणून तेवढी घ्यायला गेलो, तोवर तिचाच फोन आला.

"आरं, टीव्हीवर इमानं बंद पडली म्हणायलेत. इकायचे का? नंबर येतो तो सांगू का तुला?"

समोर दुकानदार आणि गुरुजी. दोघंही माझ्या तोंडाकडं बघत होते.

"अक्का हायत का? काय म्हणायल्यात?" दुकानदारांनी विचारलं.

मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात फोनवर बोललो, "अक्का, थांब. घाबरू नको. माल घरात हाय, कुठं पळून चाललाय का?"

"तू ठेवलेस ना पण?"

"ठेवलेत की."

"मग ठीक हाय," म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. गुरुजींनी मान डोलावली, दुकानदारांनी आणखी तीन चहा सांगितले. मी तो चहा प्यायलो. त्या दोघांसमोर मला पळपुटं दिसायचं नव्हतं, दुसरं काहीही कारण नव्हतं. दुपारी फोन करता आला असता. संध्याकाळी तर मी मोबाइल हातात घेऊन बसलोच होतो. पण 'ठेवलेत' म्हणून सांगितल्यावर त्याच दिवशी उलटं काय बोलायचं, हे सुचेना. उद्या करू म्हटलं.

गुरुवारी सकाळी, खातं तपासायचंय असं खोटंच सांगून मी तिच्याकडून ओटीपी घेतला आणि तिचे शेअर विक्रीला लावले. घेणारा कुणी नव्हता. बाजार उघडताच भाव त्या दिवसाच्या तळाला जाऊन अडकला होता, विकणारे हजारो आणि घ्यायला एकही नाही. शुक्रवारी तेच, सोमवारी तेच. मग कंपनी दिवाळखोरीत गेली आणि व्यवहारच बंद झाले.

गुरुजींनी सुवाच्य अक्षरात कंपनीला दोन पत्रं पाठवली. उत्तर आलं, त्यात रांग दिली होती. आधी बँका, विमानांचे मालक, कामगार, सरकार आणि सगळ्यांत शेवटी आम्ही. आमच्यापर्यंत काही पोचणार नाही, हे त्यांनी फार सभ्य भाषेत लिहिलं होतं.

"पण इमान तर भरून जात होतं हो," दुकानदार म्हणाले. रोज म्हणायचे. मग माझ्या पाठीवर हात ठेवायचे, "जाऊ द्या, तुमचं बी गेलंच की आमच्यासंगं." मी मान हलवायचो. असं पंधरा दिवस चाललं, मग मी हॉटेलात जाणंच बंद केलं. कामावर चित्त लागेना. एका शेतकऱ्याच्या चांगल्या पांढऱ्याशुभ्र कापसाला मी कमी दर बोललो. त्यानं कापूस माझ्या नाकासमोर धरून विचारलं, "ह्यात काय खोट हाय, दावा." दाखवण्यासारखं काही नव्हतं. त्या रविवारी मी मानवत रोडहून पॅसेंजर धरली आणि पूर्णेला गेलो.

अक्का ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी काही बोलायच्या आत तिनंच सुरुवात केली. "किती वाळलास रे. मनाला लावून घेऊ नको. माझ्यापरीस तुझं जास्त गेलंय, मला कळत न्हाई का?" आणि आत जाऊन तिनं एक पाकीट आणलं. "तुझ्या पोरीच्या फीला लागतील. ठेव."

मला ते सहन झालं नाही. मी सांगून टाकलं, "अक्का, माझं गेलं न्हाई. मी इकले होते."

"कवा?"

"त्याच बुधवारी. तुझा फोन यायच्या आधी."

तिनं हातातली शेंग सोलली, दाणे ताटलीत टाकले. "बरं झालं," म्हणाली. "घरातल्या एकाचं तरी वाचलं." माझे वाचलेत त्यातले निम्मे तुझे, असं मी म्हणालो, तर तिनं हातानंच नको केलं. दुपारी भाकरी आणि तुरीच्या दाण्यांची आमटी वाढली, निघताना शेंगांची पिशवी दिली. परतीच्या गाडीत मला कित्येक आठवड्यांनी हलकं वाटलं. सुटलो, असं वाटलं.

याला आता पाच महिने झाले. अक्काचा फोन अजून दर रविवारी येतो. माझी, बायकोची, पोरीची चौकशी करते, पाऊसपाणी सांगते. परवा बोलता बोलता मी म्हणालो, "तुला डोळ्यांनी कमी दिसायलंय असं तुझ्या शेजारच्या वहिनी मागं म्हणत होत्या. इकडं ये, परभणीला चांगल्या डॉक्टरला दाखवू."

"झालं की रे ऑपरेशन," ती म्हणाली. "वीस दिस झाले. त्या वहिनीलाच इचारलं, तिनं डॉक्टर सांगितला. चांगला हाय."